बाळंतिणीची खिडकी

अकोल्याचा वैशाख ज्यानं अंगावर घेतला नाही त्याला तो सांगून कळत नाही, आणि ज्यानं घेतला आहे त्याला सांगावा लागत नाही. पाचवीच्या दिवशी दुपारी जठारपेठेच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. नत्थुजींच्या घरात मात्र बैठकीत कूलर घोंघावत होता, स्वयंपाकघरात दुसरा होता, आणि अंगणातल्या शेडमध्ये विकायला ठेवलेल्या कूलरांची रांगच लागली होती. सगळ्या घरात एकच खोली अशी होती जिथे वाऱ्याला मज्जाव होता. त्या खोलीत पौर्णिमा आपल्या लेकीला घेऊन बाजेवर पडली होती.

किशोरचा कूलरचा धंदा नवाच. कपाशीनं लागोपाठ दोन वर्षं मार दिला तेव्हा त्यानं वडिलांना न विचारता शेडमध्ये पत्रा कापायचं यंत्र आणून बसवलं. "पीक बुडते बाबा, ऊन काही बुडत नाही," असं तो म्हणाला, आणि नत्थुजींनी त्याच्याशी बोलणंच सोडलं. आता बोलत होते, पण कामापुरतं. तरी अर्धी जठारपेठ किशोरच्या कूलरपुढे झोपत होती, आणि त्याची स्वतःची बायको अन् लेक विस्तवावर शेकत होत्या. याला नशीब म्हणायचं की रीत, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

रीत पार्बताबाईंची. सून दवाखान्यातून घरी आली त्याच दिवशी या सासूबाईंनी खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या, वरून गोधडी खिळ्यांनी ठोकली. बाजेखाली घमेल्यात गोवऱ्यांचा विस्तव, त्यावर ओवा आणि शेपा. पौर्णिमाच्या कानांना फडकं, पोरीला टोपरं, झबलं, त्यावर फलाटीनचं दुपटं, त्यावर गोधडी. किशोरनं पहिल्याच दिवशी एक लहान कूलर दारापर्यंत आणला होता. पार्बताबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"बाळंतिणीले कूलर? डोकंगिकं फिरलं काय तुहं?"

कूलर आल्या पावली परत गेला.

पौर्णिमानं हे सगळं ऐकून घेतलं, त्याला कारण होतं. आधीच्या खेपेला तिसऱ्याच महिन्यात पोट रिकामं झालं तेव्हा नात्यातल्या बायका सांत्वनाच्या नावानं कुजबुजायला आल्या होत्या, आणि पार्बताबाईंनी एकेकीला ओसरीवरूनच वाटेला लावलं होतं. या खेपेला दिवस राहिले तेव्हा त्यांनी सुनेच्या हातातली बादली जी काढून घेतली ती घेतलीच. डोहाळे तरी कसले! आंबट नाही, तिखट नाही. पौर्णिमाला ओल्या वाळ्याचा वास हवा असे. भर थंडीत ती शेडमध्ये जाऊन कूलरच्या ताटीवर पाणी शिंपडायची आणि नाक लावून बसायची. "पोट्टी होते का कूलर होते, देवालेच माहीत," असं म्हणत पार्बताबाईच तिच्याखाली पाट सरकवत.

आणि बाळंतपणही तिनं निभावलं होतं. पहाटे सुरू झालेल्या कळा, ऊन चढलं तरी सुटका नाही. शेवटी शेवटी नर्स म्हणाली, आता जोर करू नका, थांबा. पौर्णिमानं जोर केला. तिला आतून कळलं होतं की वेळ झाली. नर्स ओरडली, आणि ओरडता ओरडताच तिनं पोरीला झेललं. एकदा हरलेल्या आपल्या अंगावर पौर्णिमाचा भरवसा बसला तो त्या घटकेला. या पोरीचं मला कळतं, हे तिच्या मनात तेव्हाच पक्कं झालं.

आज त्या पोरीचं काहीतरी बिनसलं होतं.

कालपर्यंत ती अशी ओढून प्यायची की पौर्णिमा दात आवळून घ्यायची. सकाळपासून मात्र तोंडात स्तन दिला की ओठ नुसते ठेवून राही, आणि डोळे मिटे. लंगोट सकाळपासून कोरडा होता. आणि अंग तापलं होतं.

"माय, हिचं आंग पाह्य बरं."

वच्छलाबाई लाडू वळता वळता उठल्या. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणजे वरूडला व्हायला हवं होतं. पण वरूडच्या संत्र्याच्या बागेत विहिरीनं तळ गाठला, बोअरमधून नुसती धूळ निघाली, आणि वच्छलाबाईंनी व्याह्यांकडे निरोप धाडला, की घराचं प्लास्टर चालू आहे. त्या प्लास्टरवर कोणाचाही विश्वास बसला नाही आणि कोणी तसं बोलूनही दाखवलं नाही. लेकीचं बाळंतपण विहिणीच्या घरी करायचं म्हणजे आपल्याच पोरीला हात लावतानाही आधी विहिणीकडे बघून घ्यावं लागतं. लाडवांत मेथी घालायची की नाही यावरून दोघी विहिणींची रोज धुसफूस चालली होती, आणि रोज वच्छलाबाईच हार खात होत्या.

त्यांनी नातीच्या कपाळाला हात लावला. "बाई बाई! चटका बसून राह्यला वं." आणि मग लेकीला काही सांगायच्या ऐवजी त्यांनी आवाज दिला, "ईनबाई! ओ ईनबाई!"

पार्बताबाई पूजेसाठी पाटा-वरवंटा धूत होत्या, तशाच ओल्या हातानं आल्या. त्यांनी कपाळ चाचपलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"हवा लागली. खिडकी कोणं उघडली?"

"कोणीच नाही, आत्याबाई," पौर्णिमा सासूला म्हणाली.

"मंग दार उघडं राह्यलं असंन. ईनबाई, गोवऱ्या आना. अन् माह्या पेटीतली जाड गोधडी."

"व्हय, व्हय," म्हणत वच्छलाबाई धावल्या. मेथीवर ज्यांचं जमलं नव्हतं त्या दोघींचं एकमत झालं, आणि तेही नेमकं नको त्या वेळी.

"आत्याबाई, नका," पौर्णिमा कोपरावर उठून बसली. टाके ओढले गेले तसा तिचा चेहरा कसनुसा झाला. "गर्मीच होऊन राह्यली तिले. हे सारं काढा आंगावरचं."

"गर्मी? तान्ह्या लेकराले कुठी गर्मी होते? तू पह्यलटकरीण. तुले काय माहीत?"

"बाकीचं नसंन माहीत. हिचं माहीत हाय."

"आयका!" पार्बताबाई विहिणीकडे वळल्या. "मी याच खोलीत लेकरं काढली. किशोरच्या पाठीवरचीबी इथंच झाली. साऱ्यायले असाच शेक देल्ला."

"अन् मी वरूडले," गोवऱ्या घेऊन आलेल्या वच्छलाबाई म्हणाल्या. "तुलेबी असंच शेकलं, तवा तू एवढी झाली."

"मी कोणत्या महिन्यातली, माय?"

"घ्या! माघातली. माघी पुनवेची, म्हणून तं नाव ठेवलं."

"अन् हे?"

"किशोरबी माघातला," पार्बताबाई म्हणाल्या. "मोठी पौषातली. पण त्याचं काय हाय आता?"

पौर्णिमालाही बोलता बोलताच उमगत होतं. शेतकऱ्याच्या घरी लग्नं उन्हाळ्यात होतात. माल विकून हातात चार पैसे असतात आणि शेताला काम नसतं. उन्हाळ्यात लग्न, तर पाळणा थंडीत, ही वऱ्हाडातली सरळ रीत. पौष-माघाच्या थंडीत, त्या काळच्या उघड्या माळावरच्या घरात बाजेखाली विस्तव ठेवला तर बाळंतीण दुवाच देईल. पार्बताबाईंचं ज्ञान खोटं नव्हतं. ते माघातलं होतं, एवढंच.

"आत्याबाई, तुमची सारी बाळंतपणं थंडीतली. या खोलीत वैशाखात कोणाची बाज पडली काय आजवर?"

उत्तर आलं ते बैठकीतून. नत्थुजींचे धाकटे भाऊ खुशालराव पाचवीसाठी गावाहून आले होते, आणि आल्यापासून कूलरसमोरून हलले नव्हते.

"पडली ना! वैनीचं दुसरं लेकरू. वैशाखातलंच होतं ते. नाही काय, भाऊ?"

नत्थुजींचा आवाज आला नाही. कूलर तेवढा घोंघावत राहिला.

किशोरच्या आधी एक मुलगा झाला होता आणि गेला होता, एवढं पौर्णिमाला ठाऊक होतं. देव्हाऱ्यात मागच्या बाजूला एक काळा पडलेला चांदीचा करदोडा होता. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला तिनं तो घासायला काढला तेव्हा पार्बताबाईंनी काही न बोलता तिच्या हातून काढून घेतला होता. तो महिना मात्र तिला कोणी सांगितला नव्हता.

पार्बताबाई बाजेच्या कडेला टेकल्या.

"व्हय," त्या म्हणाल्या. "वैशाखच होता. पाचवीचाच दिस. खिडकी उघडी राह्यली अन् लेकराले हवा लागली. दुपारच्याले आंग तापलं. मंग सासूनं खिडकी लावली, विस्तव वाढोला, घरातल्या साऱ्या गोधड्या घातल्या. काही करायचं ठेवलं नाही आमी. दिवे लागाच्या आत गेला तो." त्यांनी मान वर केली. "म्हणून सांगून राह्यली पोरी, या घरात बाळंतिणीची खिडकी उघडत नसते. ते गोधडी दे इकडे."

 हवेनं नाही आत्याबाई, विस्तवानं गेला तो, हे वाक्य पौर्णिमाच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते म्हटलं असतं तर भांडण तिथेच संपलं असतं. पण समोर बसलेली बाईही संपली असती. ज्या बाईनं आपली ढाल होऊन अख्ख्या नात्याला ओसरीवरून परत धाडलं, तिला आता या वयात सांगायचं, की तुझ्या लेकराला तुझ्याच घरानं भाजलं? पौर्णिमाला तिची माया आली, तिची भीती वाटली आणि तिचा रागही आला, सगळं एकदमच. आणि मांडीवर पोरगी मलूल होत चालली होती. बोलून चालणार नव्हतं आणि गप्प बसूनही चालणार नव्हतं.

तिनं गोधडी ओढून बाजूला टाकली. मग दुपटं. मग टोपरं.

पार्बताबाईंनी तिचं मनगट धरलं. "खोलीच्या भाईर पाय ठेवाचा नाही, सांगतो!"

"नाही ठेवत. तुमी घ्या हिले." पौर्णिमानं उघडी पोर सासूच्या मांडीवर ठेवली. "दवाखान्यात तुमीच सांगतलं होतं ना मले? हवा लागली का लेकराचे पाय पह्यले गार पडते. पाय गरम असले तं हवेचं भेव नाही. तुमचाच शब्द हाय. पाहा तिचे पाय."

"पाय?"

"पाहा तं खरं, आत्याबाई."

पार्बताबाईंनी दोन्ही पावलं एका तळहातात धरली. तव्यावरून नुकत्याच उतरवलेल्या भाकरीसारखी ती तापली होती. पार्बताबाईंनी ती सोडली नाहीत. वच्छलाबाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या; त्यांना वाटलं विहीण ताप अजमावते आहे. पण पार्बताबाईंचा हात भलतीच पावलं चाचपत होता.

"त्याचेबी गरमच होते," त्या म्हणाल्या. ते फक्त पौर्णिमाला ऐकू गेलं.

आणि पुढच्याच क्षणी त्यांनी अशी हाक मारली, की शेडमध्ये पत्रा ठोकणाऱ्या किशोरच्या हातून हातोडी पडली.

"किशोऱ्या! हे घमेलं उचल अठून! अन् त्या डॉक्टरीणबाईले फोन लाव!"

"अवं वैनी," खुशालरावांनी बैठकीतून समजूत काढली, "पाचवीच्या दिशी बाळंतिणीचा विस्तव हलवू नाही..."

"तुमी गप बसा, भाऊजी! कूलरापुढं बसून शेकाचं ग्यान नका देऊ!"

 घमेलं बाहेर गेलं, आणि किशोर कानाला फोन लावून, दुसऱ्या हातानं कूलर ढकलत आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी अंगावरचे कपडे उतरवा, ओल्या फडक्यानं पुसा, दूध पाजायचा प्रयत्न करत राहा आणि लगेच घेऊन या. किशोरनं प्लग लावला. पंखा एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला आणि थांबला. बैठकीतला कूलरही थांबला, शेजारचाही थांबला.

"लाइन गेली," किशोर म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. अख्ख्या गावाला वारा विकणारा माणूस आपल्या लेकीपुढे रिकाम्या हातानं उभा होता.

"जाऊ द्या लाइन," पौर्णिमा म्हणाली. "ताटी आना. वाळ्याची. खिडकीले लावा अन् पाणी टाका. वारा भाईर लय हाय. तिले पुसून होऊ द्या, मंग रिक्षा आना."

किशोर धावला. तोवर पार्बताबाई खिडकीशी भिडल्या होत्या. त्यांनी ठोकलेली गोधडी त्यांनीच दोन्ही हातांनी ओढली. एक खिळा भिंतीच्या चुन्यासकट निघून आला. फटींतल्या चिंध्या त्या बोटांनी उपसत होत्या आणि मागे फेकत होत्या. खिडकी उघडली तसा बाहेरचा वारा भट्टीच्या तोंडातून यावा तसा आत आला, आणि वच्छलाबाईंनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. मग चौकटीत ताटी बसली. बाहेरून कोणीतरी तिच्यावर बादली ओतली आणि तोच वारा थंड होऊन, ओल्या वाळ्याचा वास घेऊन खोलीत शिरला.

पौर्णिमानं छाती भरून श्वास घेतला. गरोदरपणात जो वास ती मागत होती तो हाच.

"अजून टाका पाणी," ती म्हणाली. बाहेरून दुसरी बादली आली. तिनं फटीतून पाहिलं. तिला वाटलं होतं किशोर असेल. भर उन्हात, डोक्याला साधा दुपट्टाही न बांधता, नत्थुजी उभे होते. मुलाच्या धंद्यातल्या एका खिळ्यालाही आजवर त्यांनी हात लावला नव्हता. ते हौदातून बादली भरून आणत होते आणि ताटीवर ओतत होते, आणि त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते.

वच्छलाबाईंना आता कोणाकडे बघून घ्यायची गरज राहिली नव्हती. त्यांनी वरूडहून आणलेलं जुन्या मऊ धोतराचं फडकं भिजवून नातीची मान, पाठ, काखा पुसून काढल्या. पौर्णिमानं आपल्या कानांचं फडकं सोडलं, लोटाभर पाणी गटागटा प्यायलं आणि पोरीला उघड्या छातीशी धरलं. घाई केली नाही. ओठांवर दुधाचा थेंब पिळला आणि वाट पाहिली. पोरीनं तोंड वळवलं. पुन्हा थेंब. पुन्हा वाट. मग जिभेचं टोक बाहेर आलं, थेंब चाटला, आणि एकाएकी पोरीनं असं काही ओढलं की पौर्णिमाच्या पायाची बोटं आवळली गेली.

"आई गं!" ती ओरडली आणि हसायलाच लागली.

रिक्षा दारात येईपर्यंत वच्छलाबाईंच्या मांडीवर आणखी एक शुभवर्तमान पाझरलं. "ओली केली! ओली केली वं माय!" त्या भिजलेलं लुगडं सगळ्यांना दाखवत सुटल्या. लेकीचं घर आहे, विहिणीची बैठक आहे, कशाचं भान त्यांना उरलं नव्हतं.

दारापाशी पौर्णिमा थबकली. बाळंतपणाचा विटाळ अजून फिटलेला नव्हता, बाळंतिणीनं उंबऱ्याबाहेर पडायचं नव्हतं. पार्बताबाईंनी पोर आपल्या हातात घेतली आणि स्वतःच आधी पाऊल बाहेर टाकलं. "चाल. जिवापुढं उंबरा नसते."

डॉक्टरीणबाईंनी पोरीला बराच वेळ तपासलं, वजन केलं, तासभर समोर बसवून पाजायला लावलं. ताप उतरलेलाच होता. मोकळी ठेवा, पाजत राहा आणि पुन्हा अंग तापलं तर क्षणभरही थांबू नका, असं त्यांनी सांगितलं. पार्बताबाईंनी एकच विचारलं, "खिडकी?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उघडीच हवी, आजी. या दिवसांत तर हवीच." पार्बताबाईंनी मान डोलावली आणि परतीच्या वाटेवर त्या पोरीचे पाय पुन्हा पुन्हा चाचपत राहिल्या.

दिवेलागणीला पाचवी पुजली. पाटा-वरवंट्याला हळदकुंकू वाहिलं, नैवेद्य दाखवला. लाडवांत मेथी होती की नव्हती, याची चौकशी त्या संध्याकाळी कोणी केली नाही. लाइन आली होती. खुशालराव पुन्हा कूलरपुढे बसून, आपण आधीच कसं सुचवलं होतं, ते सगळ्यांना सांगत होते. नत्थुजी शेडमध्ये किशोरजवळ उभे राहून, ताटीला वाळा कुठून आणतो, असं विचारत होते.

खोलीत पोरगी पिऊन झोपली होती, नुसत्या लंगोटावर, हातपाय पसरून. पार्बताबाई तिच्या पायांशी बसल्या होत्या. त्यांची नजर खिडकीकडे होती.

"पौर्णिमा," त्या म्हणाल्या, "त्या दिशी खिडकी मीच उघडली होती वं."

पौर्णिमा कोपरावर टेकून त्यांच्याकडे वळली.

"मले लय गर्मी होऊन राह्यली होती. मी तरी केवढीशी! वाटलं, मले एवढं होते तं लेकराले होत नसंन काय? सासूबाई वावरात गेल्त्या. मी उठली अन् उघडली. तो हासला होता झोपीत, हवा आली तवा." त्यांनी नाक ओढलं. "मंग सासू आली, तिनं पाह्यलं. जल्मभर एकच म्हटलं तिनं, हिनं खिडकी उघडली अन् माहा नातू गेला. किशोरच्या बाबानं कधी काही म्हटलं नाही. पण नाही बी नाही म्हटलं. मंग मीबी तेच म्हणत आली. खिडकी उघडी राह्यली, खिडकी उघडी राह्यली."

दुपारी जे वाक्य पौर्णिमानं गिळलं होतं, त्याची दुसरी बाजू आता तिच्यासमोर होती. ती तिनं पोटात ठेवली नाही.

"तुमी बरोबर केलं होतं, आत्याबाई," ती म्हणाली. "त्या दिशी या घरात त्याचं फक्त तुमालेच कळलं होतं. खिडकी उघडली ते बरोबर केलं होतं."

पार्बताबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा आक्रसत गेला आणि त्या रडल्या. पदर तोंडात न कोंबता, मोठ्यानं, एखाद्या कोवळ्या बाळंतिणीनं रडावं तशा रडल्या. पौर्णिमानं त्यांना थांबवलं नाही. टाके सांभाळत ती सरकली आणि तिनं त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं.

दिवा घेऊन वच्छलाबाई दारात आल्या आणि घुटमळल्या. पाचवीच्या रात्री सटवाई येते, घराची दारं-खिडक्या लावून घेतात.

"ईनबाई," त्यांनी हळूच विचारलं, "आज पाचवी. खिडकी लावाची काय?"

पार्बताबाईंनी डोळे पुसले, उठून लोटा घेतला आणि ताटीवर पाणी ओतलं.

"नाही, ईनबाई," त्या म्हणाल्या. "आता हे खिडकी लागत नसते."